जोडीचा खेळाडू



आपल्या नाशिक जिल्ह्यांत, चांदवड तालुक्यांत, तळेगांव रोही नांवाचें एक गांव आहे. पाण्याची टंचाई त्या गांवाच्या पांचवीलाच पुजलेली. अशा गांवच्या दत्तू भोकनळ या तरुणानें २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकमध्यें नौका वल्हविली, आणि त्या स्पर्धेंत भारतातर्फें नौका वल्हविणारा तो एकटाच होता. दोन वर्षांनीं, २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेंत, इंडोनेशियांतील पालेंबांग येथें तो पुन्हां एकट्याच्या शर्यतींत उतरला. प्रकृति साथ देत नव्हती. अंतिम शर्यतींत त्याचा क्रमांक सहावा लागला. दुसऱ्या दिवशीं तोच दत्तू आणखी तिघांबरोबर चौघांच्या नौकेंत बसला आणि भारताला सुवर्णपदक मिळालें. आदल्या दिवशींचे थकलेले हात एका रात्रींत ताजे झाले होते असें नव्हे. त्या हातांना आतां आणखी सहा हातांची सोबत मिळाली होती.

एकट्याचें सामर्थ्य आणि सोबतीचें सामर्थ्य हीं दोन निराळीं सामर्थ्यें आहेत. त्यांतील पहिलें आपल्याला चटकन दिसतें. दुसरें दिसावयास नजर तयार करावी लागते. ती नजर तयार करण्यास बॅडमिंटनच्या दुहेरीसारखी दुसरी उत्तम शाळा नाहीं. म्हणून आजच्या भाषणाचा विषय आहे मुंबईचा दुहेरीचा खेळाडू चिराग शेट्टी. विषय त्याचा, असें म्हणतां म्हणतांच मात्र एक अडचण उभी राहते. या खेळाडूची कारकीर्द त्याच्या एकट्याची म्हणून सांगतांच येत नाहीं. प्रत्येक विजयापुढें, प्रत्येक पराभवापुढें दुसरें एक नांव लिहावें लागतें, आणि तें नांव आंध्र प्रदेशांतील अमलापुरम गांवच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डी याचें आहे.

या खेळाचें आणि महाराष्ट्राचें नातें जुनें आहे. बॅडमिंटन हें नांव इंग्लंडमधील एका ड्यूकच्या वाड्यावरून पडलें हें खरें. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुण्याच्या छावणींतील इंग्रज अधिकाऱ्यांत हा खेळ इतका रुजला होता कीं, कांहीं काळ तो ‘पूना’ याच नांवानें ओळखला जाई. पुढें त्याच पुण्यांत प्रा. दि. ब. देवधर यांच्या घरीं क्रिकेटच्या शेजारीं हा खेळ नांदला, आणि तारा, सुंदर व सुमन या त्यांच्या तिन्ही कन्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. सांगलीचे नंदू नाटेकर यांनीं १९५६ सालीं क्वालालंपूर येथील सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशांत अजिंक्यपद मिळविणारा पहिला भारतीय खेळाडू हा मान संपादन केला. नाटेकरांचें नांव निघालें कीं, त्यांचा एकेरीचा देखणा खेळच आठवला जातो. परंतु त्यांच्या १७ राष्ट्रीय अजिंक्यपदांचा हिशेब मांडला तर सहा एकेरीचीं, सहा पुरुष दुहेरीचीं आणि पांच मिश्र दुहेरीचीं निघतात. म्हणजे १७ पैकीं ११ वेळां त्यांच्या शेजारीं कोणीतरी उभें होतें. तें ‘कोणीतरी’ कोण, हें आज किती जणांना सांगतां येईल?

१९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा या जोडीनें पुरुष दुहेरींत कांस्यपदक मिळविलें. त्याच स्पर्धेंत सय्यद मोदी यांनीं एकेरींत कांस्यपदक मिळविलें होतें. धातु एकच, परंतु लोकांच्या स्मरणांत एकेरीचें पदक अधिक लखलखीत राहिलें. दुहेरी म्हणजे एकेरींत मागें पडलेल्यांचा खेळ, अशी समजूत आपल्याकडे बराच काळ होती, आणि ती समजूत मोडून काढणें हेंच पुढें चिरागच्या पिढीच्या वाट्याला आलें.

ही समजूत किती चुकीची आहे तें कोर्टाच्या मापांवरूनच कळतें. एकेरीचें कोर्ट १७ फूट रुंद आणि दुहेरीचें २० फूट. लांबी दोहींची ४४ फूट. म्हणजे माणसें दुप्पट झालीं, पण रुंदी वाढली अवघी तीन फूट. त्यामुळें एकेरींत विजय मिळतो तो बहुधा प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्याकोपऱ्यांत धांवडवून. दुहेरींत तशी मोकळी जागाच फारशी नसते. तेथें लढाई असते ती क्षणाच्या अंशाची. फूल एकदां परतविलें कीं सावरावयास जो वेळ एकेरींत मिळतो तो येथें मिळत नाहीं. रॅकेट खालीं आली कीं गुण गेला. सर्व्हिस करणाऱ्यानें फूल जाळ्याच्या वरून अगदीं निसटतें काढावें लागतें; चार बोटें उंच गेलें तर समोरचा त्यावर झडपच घालतो.

याहून कठीण भाग पुढेंच आहे. जोडी चढाई करीत असतांना एक जण पुढें जाळ्यापाशीं व दुसरा मागें उभा राहतो. बचाव करतांना दोघे शेजारीं शेजारीं येतात. एका देवाणघेवाणींत ही अदलाबदल तीन-चार वेळां होते, आणि ती बोलून करावयास वेळ नसतो. सर्वांत अवघड फूल कोणतें म्हणाल, तर तें कोपऱ्यांत पडणारें नव्हे. दोघांच्या बरोबर मधोमध येणारें. दोघेहि धांवले तर रॅकेटवर रॅकेट आदळते. दोघेहि थांबले तर फूल जमिनीवर पडतें. संसारांतील कितीतरी कामांचें असेंच होतें, हें घर चालविणाऱ्यांना सांगावयास नको.

चिरागचा जन्म मुंबईंत ४ जुलै १९९७ रोजीं झाला. गोरेगांव येथें उदय पवार यांच्या हाताखालीं त्याचें प्रारंभींचें शिक्षण झालें. पवार हे स्वतः दुहेरींतील नांवाजलेले खेळाडू. तेव्हां दुहेरी हें दुय्यम शास्त्र नव्हे, हा संस्कार त्याला लहानपणींच मिळाला असला पाहिजे. पुढें तो हैदराबादला पुलेला गोपीचंद यांच्या प्रबोधिनींत गेला. तेथें टॅन किम हर या मलेशियन प्रशिक्षकानें त्याची गांठ त्याच्याहून तीन वर्षांनीं लहान असलेल्या सात्विकशीं घालून दिली.

वरवर पाहतां ही जोडी विजोड होती. दोघेहि सहा फुटांचे, दोघेहि मागून जोरकस स्मॅश मारण्यांत रमणारे. एकाच म्यानांत दोन तलवारी ठेवण्यासारखें हें होतें. एक वाढला मुंबईसारख्या महानगरांत, दुसरा गोदावरीच्या मुखाजवळील एका लहान गांवांत. हीच गोदावरी आपल्या नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरीं उगम पावते, हा योगायोग नाशिककरांस गोड वाटेल. दोघांना मागेंच राहावयाचें, तर पुढें कोणीं जावें? या प्रश्नाचें उत्तर चिरागनें आपला खेळ बदलून दिलें. त्यानें जाळ्याजवळची जागा आपली मानली आणि स्मॅशची मोकळीक सात्विकला दिली.

या त्यागाचें मोल एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. एप्रिल २०२३ मध्यें जपानांत सात्विकच्या स्मॅशचा वेग मोजला गेला. तो ताशीं ५६५ किलोमीटर भरला आणि जागतिक विक्रम म्हणून नोंदविला गेला. तो आंकडा जगभर गाजला व गाजावयासच हवा होता. परंतु प्रत्यक्ष सामन्यांत असा स्मॅश मारावयास प्रतिस्पर्ध्यानें फूल उंच द्यावें लागतें, आणि तो तें आपखुषीनें देत नाहीं. जाळ्याजवळ उभा असलेला माणूस त्याच्या सर्व वाटा बंद करतो, तेव्हांच नाइलाजानें फूल वर जातें. त्या नाइलाजाचा वेग मोजणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं.

या जोडीनें पहिलें मोठें यश २०१८ सालीं पाहिलें. ऑस्ट्रेलियांतील गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत तिला रौप्यपदक मिळालें. पुढील वर्षीं ऑगस्टमध्यें तिनें थायलंड खुली स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यांत चीनच्या ली जुनहुई व लियू युचेन यांचा २१-१९, १८-२१, २१-१८ असा पाडाव केला. त्याच वर्षीं फ्रेंच खुल्या स्पर्धेचा अंतिम सामना पॅरिसमध्यें मात्र तिला गमवावा लागला. पॅरिस शहराचें नांव या कारकिर्दींत पुढें वारंवार येणार आहे.

टोकियो येथील ऑलिंपिक २०२१ सालीं झालें. गटांतील पहिल्याच सामन्यांत भारतीय जोडीनें तैपेईच्या ली यांग व वांग ची-लिन यांना २१-१६, १६-२१, २७-२५ असें हरविलें. दुसऱ्या सामन्यांत इंडोनेशियाच्या अव्वल जोडीपुढें ती सरळ हरली; तिसऱ्यांत इंग्लंडच्या जोडीला तिनें नमविलें. तीन सामन्यांत दोन विजय. परंतु गटांतील तीन जोड्यांचे विजय सारखेच झाले, आणि मग हिशेब आला जिंकलेल्या व हरलेल्या गेम्सच्या वजाबाकीवर. भारतानें चार गेम्स जिंकल्या होत्या व तीन गमावल्या होत्या. दुसऱ्या क्रमांकाला असलेल्या तैपेईची वजाबाकी एकानें सरस निघाली. भारतीय जोडी गटांतच बाहेर पडली, आणि तिनें पराभूत केलेल्या ली-वांग यांनीं पुढें तेंच सुवर्णपदक मिळविलें. पदकविजेत्यांच्या यादींत या विजयाला जागा नाहीं.

अशा प्रसंगीं जोडीची खरी परीक्षा होते. एकट्या खेळाडूला पराभवाचें खापर फोडावयास स्वतःचेंच डोकें असतें. जोडींतल्याला शेजारचें डोकें सांपडतें. ‘त्या वेळीं तूं तें फूल सोडलें नसतेंस तर...’ या एका वाक्यानें कितीतरी जोड्या मोडल्या आहेत, आणि त्या केवळ बॅडमिंटनमधल्याच नव्हेत. ही जोडी मोडली नाहीं.

तिला फळ मिळालें तें मे २०२२ मध्यें, बँकॉक येथील थॉमस चषकाच्या स्पर्धेंत. थॉमस चषक म्हणजे पुरुषांच्या राष्ट्रीय संघांची जागतिक स्पर्धा; १९४९ सालापासून तो खेळला जात आहे, आणि भारतानें तो तोंवर एकदांहि जिंकला नव्हता. एका लढतींत पांच सामने असतात, तीन एकेरीचे व दोन दुहेरीचे. भारताजवळ एकेरीचे नामांकित खेळाडू पूर्वींहि होते. उणीव होती ती दुहेरीची. त्या वर्षीं मलेशियाविरुद्ध उपांत्यपूर्व फेरींत आणि डेन्मार्कविरुद्ध उपांत्य फेरींत भारतानें पहिली एकेरी गमावली. दोन्ही वेळां दुसऱ्या सामन्याला चिराग व सात्विक उतरले, दोन्ही वेळां त्यांनीं बरोबरी साधली, आणि दोन्ही लढती भारतानें ३-२ अशा जिंकल्या.

१५ मे रोजीं अंतिम लढत होती चौदा वेळां चषक जिंकणाऱ्या इंडोनेशियाशीं. लक्ष्य सेननें पहिली एकेरी जिंकून दिली. नंतर मोहम्मद अहसान व केविन सुकामुल्यो या मातब्बरांविरुद्ध आपल्या जोडीनें पहिली गेम १८-२१ अशी गमावली. दुसऱ्या गेममध्यें तर पराभव एका गुणावर येऊन ठेपला, आणि तो एकदां नव्हे, चार वेळां. चारहि वेळां तो परतविला गेला. ती गेम २३-२१ आणि तिसरी २१-१९ अशी जिंकून या दोघांनीं भारताची आघाडी २-० केली; पुढें किदंबी श्रीकांतनें उरलेलें काम पुरें केलें. जी बाजू आपण वर्षानुवर्षें लंगडी समजत होतों, तिच्याच आधारानें चषक घरीं आला.

त्यानंतरचीं दोन वर्षें म्हणजे यशाची मालिकाच होय. ऑगस्ट २०२२ मध्यें बर्मिंगहॅम येथें राष्ट्रकुल सुवर्णपदक. त्याच महिन्यांत टोकियो येथें जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचें कांस्यपदक, जें भारताच्या पुरुष दुहेरीचें पहिलें जागतिक पदक ठरलें. ऑक्टोबर २०२२ मध्यें फ्रेंच खुली स्पर्धाहि त्यांनीं जिंकली. तीन वर्षांपूर्वीं अंतिम फेरींत निसटलेला मान अखेर हातीं आला. एप्रिल २०२३ मध्यें दुबई येथें त्यांनीं आशियाई अजिंक्यपद मिळविलें. या स्पर्धेंत १९६५ सालीं दिनेश खन्ना यांनीं जिंकलेल्या सुवर्णानंतर भारताचें सुवर्ण तेंच. जूनमध्यें इंडोनेशिया खुली स्पर्धा झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं चीनमधील हांगझाऊ येथें आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यांत कोरियाच्या जोडीला २१-१८, २१-१६ असें हरवून त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. आशियाई क्रीडास्पर्धेंत बॅडमिंटनचें सुवर्ण भारताला यापूर्वीं कोणीहि मिळवून दिलें नव्हतें, एकेरींतहि नाहीं. गंधे-डिसा यांच्या कांस्यपदकानंतर ४१ वर्षांनीं तो मान दुहेरीला मिळाला. तीन दिवसांनीं ही जोडी जागतिक क्रमवारींत पहिली झाली. मार्च २०२४ मध्यें फ्रेंच खुली स्पर्धा तिनें दुसऱ्यांदां जिंकली.

त्याच पॅरिसमध्यें ऑगस्ट २०२४ मध्यें ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरींत मलेशियाच्या आरोन चिया व सोह वूई यिक यांनीं त्यांना १३-२१, २१-१४, २१-१६ असें हरविलें. पहिली गेम सहज जिंकून नंतर आलेला हा पराभव जिव्हारीं लागणारा होता. पुढें सात्विकचा खांदा दुखावला आणि कांहीं काळ खेळ थांबला. फेब्रुवारी २०२५ मध्यें सात्विकवर पितृवियोगाचें दुःख कोसळलें. मार्चमध्यें दोघे ऑल इंग्लंड स्पर्धेंत उतरले, तेव्हां चिरागच्या पाठीनें दगा दिला व सामना अर्धवट सोडावा लागला. दुहेरीच्या खेळाडूचें दैव असें दुहेरी असतें: आपलें शरीर धडधाकट ठेवून भागत नाहीं, दुसऱ्याच्या खांद्याचीहि चिंता वाहावी लागते.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पॅरिसला, ऑलिंपिकच्याच क्रीडागृहांत झाली. उपांत्यपूर्व फेरींत समोर उभे ठाकले तेच चिया व सोह. या वेळीं भारतीय जोडीनें त्यांना २१-१२, २१-१९ असें सरळ हरविलें आणि दुसरें जागतिक कांस्यपदक मिळविलें. पाठीशीं प्रशिक्षक म्हणून पुन्हां टॅन किम हर होते; ज्यानें गांठ घातली तोच ती टिकलेली पाहावयास परत आला होता.

यश मिळालें, अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२३ सालचा खेलरत्न पुरस्कारहि दोघांना मिळाला. तरीहि एक शल्य उरलें आणि तें आपल्याच महाराष्ट्रांतलें आहे. जुलै २०२४ मध्यें टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या क्रिकेट संघांतील मुंबईकरांचा विधान भवनांत गौरव झाला आणि संघासाठीं ११ कोटी रुपयांचें पारितोषिक जाहीर झालें. तेव्हां चिरागनें उघडपणें खंत बोलून दाखविली. थॉमस चषक हा विश्वचषकाच्याच तोलाचा. त्या विजयी संघांत महाराष्ट्राचा खेळाडू तो एकटाच. आणि राज्याकडून साधा सत्कारहि झाला नाहीं. क्रिकेटपटूंविषयीं त्याच्या बोलण्यांत आकस नव्हता. प्रश्न रकमेचा नाहीं. ज्याची कीर्ति अर्धी वांटलेली असते, त्याच्याकडे पाहावयास समाजाची नजर अर्धीच वळते, हा खरा प्रश्न आहे.

आज नाशिकच्या क्रीडागृहांतून पहांटे पहांटे शेंकडों मुलेंमुली रॅकेट घेऊन जातात. बहुतेकांना घरून एकेरीचें स्वप्न दिलेलें असतें. संध्याकाळीं घरीं आल्यावर त्यांना विचारलें जातें, ‘तुझा नंबर कितवा आला?’ कधींतरी हेंहि विचारून पाहावें: ‘तुझा जोडीदार कोण? त्याला काय जमतें? त्याच्यासाठीं तूं कोणती जागा सोडलीस?’ या प्रश्नांचीं उत्तरें देतां येऊं लागणें हेंहि शिक्षणच आहे, आणि त्याचा उपयोग कोर्टाबाहेर अधिक होतो.

एकेरीच्या जागतिक क्रमवारींत प्रत्येक क्रमांकापुढें एक नांव असतें. दुहेरीच्या यादींत एका क्रमांकापुढें दोन नांवें असतात. १० ऑक्टोबर २०२३ रोजीं पहिल्या क्रमांकापुढें जीं दोन नांवें छापलीं गेलीं, त्यांतील एक गोदावरीच्या मुखाजवळचें होतें आणि एक मुंबईचें. त्यांतील पहिला कोण आणि दुसरा कोण, याचा निर्णय यादींत दिलेला नव्हता.